जांभळाच्या बीची साक्ष

मे सरता सरता भिवंडीच्या बाजारात आणि वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया जांभळांच्या पाट्या घेऊन बसू लागतात. त्याच सुमारास वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत 'बहुगुणी जांभूळ' छापाचे लेख येतात, तोच मजकूर भ्रमणध्वनीवर फिरतो आणि शाळा उघडली की सुवाच्य अक्षरांत भित्तिपत्रकावर उतरतो. मजकूर बहुधा ठरलेला असतो. जांभूळ रक्त शुद्ध करते, त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते, त्यात साखर नगण्य असते आणि त्याच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर रामबाण आहे. जांभळाशी आमचे वैर नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली लागलेल्या कागदावर ही चार विधाने एकाच ठामपणे लिहिलेली असावीत, याला मात्र हरकत घ्यायला हवी.

पहिल्या विधानाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. रक्तातील कोणता पदार्थ किती कमी झाला म्हणजे ते 'शुद्ध' झाले, हे सांगितलेलेच नसते. त्यामुळे ते विधान खोटे पाडता येत नाही, आणि खरेही ठरवता येत नाही. पुढची दोन विधाने आकड्यांची आहेत, म्हणून तपासायला सोपी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, शिक्षकांच्या परिचयाच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम जांभळाच्या गरात 'क' जीवनसत्त्व सुमारे 18 मिलिग्रॅम असते. पेरूत ते 212 मिलिग्रॅम आहे. कर्बोदके जांभळात 14 ग्रॅम, पिकलेल्या आंब्यात सुमारे 17, पेरूत 11 आणि पपईत अवघी 7 ग्रॅम. म्हणजे 'कमी साखरेचे फळ' हा मान द्यायचाच तर तो पपईकडे जातो. जांभूळ आंब्याच्या फारसे मागे नाही! फरक पडतो तो खाण्याच्या पद्धतीने. बी वगळून ओंजळभर जांभळांत गर तो किती भरणार?

खरा प्रश्न चौथ्या विधानाचा आहे. त्याला निव्वळ भाकडकथा म्हणता येणार नाही. आयुर्वेदात जांभूळ प्रमेहावर सांगितलेले आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या डॉक्टरांनीही जांभळाच्या बिया मधुमेहाच्या रोग्यांना देऊन पाहिल्या होत्या. बीमधील 'जॅम्बोलिन' नावाचा पदार्थ पिष्टाची साखर होऊ देत नाही, अशी त्यामागची कल्पना होती. हे वाक्य आजही लेखांतून जसेच्या तसे येते. येत नाही ते पुढचे. बिया हाताशी असूनही मधुमेह झालेली मुले मरतच राहिली. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा कुठे चित्र बदलले.

"पण आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे," असे यावर सांगितले जाते. प्रयोग झाले आहेत हे खरे. मात्र त्यांतले बहुतेक उंदरांवरचे आहेत. उंदराला ॲलोक्सान टोचून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतात आणि मग बियांचा अर्क देतात. अण्णामलाई विद्यापीठातील संशोधकांनी 1998 मध्ये अशा उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचे प्रसिद्ध केले. मात्रा होती दर किलो वजनाला अडीच आणि पाच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सरळ हिशेबाने दीडशे ग्रॅम अर्क झाला. उंदराच्या व माणसाच्या चयापचयातला फरक धरून सहाने भागले, तरी रोजचे पंचवीस ग्रॅम. चूर्ण नव्हे, अर्क! चमचाभर चूर्णाच्या बाजूने साक्ष द्यायला हा उंदीर उपयोगाचा नाही.

माणसांवरची नीट आखलेली चाचणी ब्राझीलमधल्या संशोधकांनी केली. ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तिकडे जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घेतात. सत्तावीस रोग्यांचे तीन गट केले. एकाला पानांचा चहा व खोटी गोळी, दुसऱ्याला खोटा चहा व ग्लायब्युराइडची खरी गोळी, तिसऱ्याला दोन्ही खोटे. कोणाला काय मिळते हे रोग्यांना ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. अठ्ठावीस दिवसांनी गोळीवाल्यांची उपाशीपोटीची साखर उतरली होती, चहावाल्यांची उतरली नव्हती. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हे, आणि लहानही होती. तिने बीचा निकाल लागत नाही. पण पुरावा कसा गोळा करायचा याचा नमुना म्हणून ती वर्गात सांगण्यासारखी आहे. चूर्ण सुरू करणारा माणूस त्याच आठवड्यात गोडही सोडतो, चालूही लागतो. मग साखर कशाने उतरली? खोट्या गोळीचा गट असतो तो याच प्रश्नासाठी.

भित्तिपत्रक एकटी मुले वाचत नाहीत. भिवंडीत यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणाऱ्याला तपासणीसाठी अर्धा दिवस मोडणे परवडत नाही. स्वस्त चूर्णाचा मोह त्याला आधी होतो. मुलगा घरी येऊन "सरांनी सांगितलं" म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला वजन असते. चूर्णाच्या भरवशावर गोळी सोडणाऱ्याला कित्येक महिने काही जाणवतही नाही, आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा बिघडत राहतात. लहान वयातल्या मधुमेहात इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच जिवावर बेतते.

'पिष्टाची साखर होत नाही' हा दावा वर्गात तपासता येतो, आणि तो फसवा कसा आहे हेही दिसते. पातळ केलेली भाताची पेज दोन परीक्षानळ्यांत घ्या. दोन्हींत थोडी लाळ घाला. एकीत बियांचे चूर्ण भिजवून गाळलेले पाणीही घाला. पंधरा मिनिटांनी आयोडीनचा एकेक थेंब टाका. चूर्णाच्या नळीत निळा रंग अधिक राहिला, तर जॅम्बोलिनचा विजय झाला असे मुले म्हणतील. पण बीमधली तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना पकडतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ती त्यामुळेच. पोटात मात्र स्वादुपिंडाचा पाचकरस भरपूर असतो, तिथे चमचाभर चूर्णाची मात्रा चालेलच असे नाही. उलट निळा रंग उमटलाच नाही, तरी घाई नको. हीच द्रव्ये आयोडीनलाही खाऊन टाकतात. म्हणून पेज व चूर्णाचे पाणी असलेली, लाळ नसलेली तिसरी नळी ठेवावी लागते. ती का हवी, हे मुलांनाच आधी विचारावे. प्रयोगानंतर उरलेल्या जांभळांचा रस गाळून ठेवला, तर धुण्याच्या सोड्याने आणि लिंबाने त्याचे रंग बदलून दाखवता येतात.