चौरस फुटांत न मावणारी चाळ

बीडीडी चाळींवरच्या हळहळत्या लेखांत एक चित्र हमखास येतं: लाकडी कठड्याची गॅलरी, वाळणारे कपडे, शेजारणींच्या गप्पा. ते चित्र गिरगावचं आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं उभारलेल्या या काँक्रीटच्या चाळींना तशी गॅलरीच नाही. मधोमध अंधारा कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक संडास. तळमजला आणि वर तीन मजले मिळून ८० बिऱ्हाडं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं अशा २०७ इमारती होत्या. सुरुवातीला कित्येक खोल्यांना भाडेकरूच मिळेनात. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग झाला. त्या आराखड्याची याहून कडक समीक्षा कुणी केली नसेल.

मग लोक तिथं रमले कशाने? माझ्या मते खोलीपेक्षा दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेनं. जांबोरी मैदान, गणपतीचा मांडव, आंबेडकर जयंतीची मिरवणूक, पोरांचं क्रिकेट, सगळं जमिनीवर.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या बाईला चाळसंस्कृतीचे गोडवे ऐकवू नयेत. जळगावचा माणूस तर नाहीच ऐकवणार. आमच्याकडे 'घरकुल' म्हटलं की आधी खटला आठवतो: नव्वदच्या दशकातली अर्धवट राहिलेली योजना आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं सुनावलेल्या शिक्षा. किल्ली हातात पडणं हीच इकडे मोठी गोष्ट.

तरीही आक्षेप उरतो. जुनी सिस्टीम बदलताना आम्ही इंजिनिअर आधी शोधतो, कागदावर न लिहिलेली कोणती कामं ती करत होती. चाळीचा हिशोब मात्र खोलीच्या दारापाशीच थांबला. १६० चे ५०० झाले, हे मोजता आलं. दारात बसून पोरांवर नजर ठेवणारी आजी चाळिसाव्या मजल्यावर कुठं बसणार, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? दर चार-पाच मजल्यांमागे एक उजेडाची, बसायची सामाईक जागा मागणं ही चैन नव्हे.

१९२० च्या सरकारनं माणसं खोल्यांत मोजली, आजचं चौरस फुटांत मोजतं. मुंबईतलं हे मोजमाप उद्या जळगाव-धुळ्यातही लागू होईल. तेव्हा किल्लीसोबत नकाशाही मागायला हवा.