‘दिसणं’ विकणारं ॲप

मराठीत ‘दिसणं’ दोन प्रकारचं असतं: मला दिसतं आणि मी छान दिसतो. केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यात बसून मी चष्म्यांची ॲप्स चाळतो, तेव्हा तिथे दुसराच अर्थ भेटतो. कॅमेरा चेहऱ्यावर फ्रेम बसवतो. चेहरा गोल की चौकोनी, तेही सांगतो. ‘ढापण्या’ म्हणून चिडवल्या गेलेल्यांना हा दिलासाच आहे. पण या झगमगाटात डोळा मागे पडतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, नंबरच्या चिठ्ठीवर बरेचदा नसतंच. उणे 4 नंबरच्या काचेचं केंद्र 5 मिलिमीटर सरकलं, की 2 प्रिझम डायॉप्टरचा फरक पडतो; डोळे ताणतात, डोकं दुखू शकतं. तेव्हा फ्रेम खुशाल फोनवर निवडा, पीडी मात्र चष्म्याच्या दुकानात मोजून घ्या.