अणुकेंद्रकाचा आकार : ऊर्जेच्या एका गुणोत्तरावर विसंबावे काय?

अणुकेंद्रकांची ओळख करून देणाऱ्या लेखनात एक आकृती हमखास भेटते. एकावर एक आडव्या रेषा, प्रत्येकीशेजारी ऊर्जेचा आकडा, आणि खाली निष्कर्ष : हे केंद्रक फिरणारे, ते कंप पावणारे. गणित सोपे आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येने असलेले केंद्रक घ्यावे. त्याच्या स्पिन 4 आणि स्पिन 2 असलेल्या पहिल्या उत्तेजित अवस्थांच्या ऊर्जांचे गुणोत्तर काढावे. लांबट केंद्रक एकसंध फिरत असेल, तर या ऊर्जा 4×5 आणि 2×3 यांच्या प्रमाणात असतात, गुणोत्तर 3.33 येते. गोल केंद्रक कंप पावत असेल, तर पायऱ्या सारख्या अंतराच्या असतात. गुणोत्तर 2 येते.

यात चूक काही नाही. आमचा आक्षेप आहे तो येथेच थांबण्याला. एक आकडा जुळला म्हणजे प्रारूप सिद्ध झाले, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात त्यामुळे रुजतो. प्रारूपाची खरी परीक्षा दुसरीकडे आहे : ती उत्तेजित अवस्था किती काळ टिकते?

अवस्थेच्या सरासरी आयुर्मानाला एवढे महत्त्व का? केंद्रकातील बरेच कण मिळून एकाच हालचालीत भाग घेत असतील, तर गॅमा किरण लवकर बाहेर पडतो. मोजकेच कण गुंतले असतील, तर उशिरा. मात्र येथे एक पथ्य पाळावे लागते. या प्रकारच्या संक्रमणात आयुर्मान ऊर्जेच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ऊर्जा दुप्पट झाली, की आयुर्मान 32 पटींनी घटते. हा परिणाम वगळल्यावर उरते ते संक्रमणाचे बळ. 2 ते 0 या संक्रमणाच्या मानाने 4 ते 2 या संक्रमणाचे बळ फिरणाऱ्या केंद्रकात 1.43 पट, तर कंप पावणाऱ्या केंद्रकात 2 पट असावे लागते. चित्र कोणतेही घ्या, उत्तर एकाहून मोठे हवे.

आता मोजायचे कसे? ही आयुर्माने काही पिकोसेकंदांची असतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग. एवढ्या अल्प काळासाठी घड्याळाऐवजी फूटपट्टी कामी येते. वेगवर्धकातून आलेला आयन पातळ पत्र्यावर आदळून नवे केंद्रक तयार होते आणि ते पुढे फेकले जाते. त्याचा वेग प्रकाशाच्या 4 टक्के धरला, तर 10 पिकोसेकंदांत ते 0.12 मिलिमीटर जाते, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीएवढे. पुढे दुसरा पत्रा ठेवून त्याचा वेग कमी केला जातो. त्याआधी सुटलेले आणि नंतर सुटलेले गॅमा किरण डॉप्लर परिणामामुळे वेगवेगळ्या ऊर्जेचे दिसतात. दोन पत्र्यांमधील अंतर बदलत दोन्ही प्रकारचे किरण मोजले, की आयुर्मान हाती येते. या उपकरणाला प्लंजर म्हणतात. केंद्रकांना पूर्ण न थांबवता केवळ मंद करण्यात एक सोय आहे. ती पुढे विलगकापर्यंत पोहोचतात, आणि इतर असंख्य केंद्रकांच्या गर्दीतून हवी ती ओळखता येतात.

हीच पद्धत वापरून फिनलंडमधील युवॅस्किला विद्यापीठात ऑस्मियम-168 तपासले गेले. निसर्गात सर्वाधिक आढळणाऱ्या ऑस्मियम-192 पेक्षा यात 24 न्यूट्रॉन कमी आहेत. मॉलिब्डेनम-92 वर क्रिप्टॉन-78 आदळले आणि दोन प्रोटॉन निघून गेले, की ते उरते. त्याचे ऊर्जा-गुणोत्तर अडीचच्या आसपास आहे. म्हणजे 2 आणि 3.33 यांच्या मध्ये, संशय येऊ नये असे. परंतु 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले बळांचे गुणोत्तर होते 0.34, अनिश्चितता 0.18. एकाहून मोठे हवे तेथे जेमतेम एक तृतीयांश! पाठोपाठ टंगस्टन-166 (2017) आणि प्लॅटिनम-172 (2018) यांतही गुणोत्तर एकाहून कमीच आले. नेहमीच्या सैद्धांतिक गणितांतून हे आकडे निघत नाहीत. केंद्रकाचे तिन्ही अक्ष असमान मानणारी काही स्पष्टीकरणे त्यानंतर पुढे आली. पण सर्वमान्य उत्तर अजून नाही.

मग ऊर्जेची आकृती टाकून आयुर्मानाला शरण जावे काय? तसेही नव्हे. 2004 मध्ये अशा विसंगत केंद्रकांकडे संशोधकांनी लक्ष वेधले होते. त्यांतील रुथेनियम-98 आणि प्लॅटिनम-180 यांची पुन्हा मोजणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा विसंगती नाहीशी झाली; दोष जुन्या मापनांत होता. म्हणून विसंगती दिसताच सिद्धांत कोसळला असे म्हणणे जितके उतावीळपणाचे, तितकेच आकडा जुळताच तो सिद्ध झाला म्हणणेही. ऑस्मियम-168 चे वजन वाढते ते शेजारची केंद्रकेही तीच साक्ष देतात म्हणून.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. ऊर्जेच्या आकृतीशेजारी आयुर्मानाचा एक स्तंभ काढावा. विद्यार्थ्यांना आधी ऊर्जेवरून अंदाज करू द्यावा, आणि मग 0.34 हा आकडा त्याच्या अनिश्चिततेसह फळ्यावर लिहावा. प्रारूप कशाने खोटे ठरू शकते, हा प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारू लागले, तर तास सार्थकी लागला असे समजावे.