भाग स्थिर, म्हणून यंत्रणा स्थिर?

मागच्या खेपेला एका श्रोत्याने विचारलं: प्रत्येक नियम सुटा स्थिर असेल, तर त्यांच्यात अदलाबदल करणारी यंत्रणाही स्थिरच ना? आम्ही म्हणतो, नाही. मंडळी, कागद घ्या. दोन संख्या, क्ष आणि य. पहिला नियम: नवा क्ष म्हणजे जुन्या य-ची दुप्पट, नवा य शून्य. दुसरा याच्या उलट. कोणताही एकच नियम लागोपाठ दोनदा लावा, सगळं शून्य! आता आळीपाळीने लावा: (०, १) वरून (२, ०), मग (०, ४), मग (८, ०)... वाढतच जातं. म्हणजे स्थैर्य नुसत्या नियमात नसतं, बदलाच्या क्रमातही असतं.

याच विषयात आम्हाला एक सवय खटकते. सर्व नियमांखाली घटणारं एकच वर्गरूप माप, म्हणजे सामाईक ल्यापुनॉव्ह फंक्शन, सापडलं नाही की यंत्रणा अस्थिर ठरवून मोकळं व्हायचं. अहो, ते सापडणं पुरेसं आहे, आवश्यक नाही! तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षातली ही चूक. अर्थात अभियंत्यांची अडचण खरी आहे. दोनच मॅट्रिक्स घेतल्या, तरी त्यांचे सगळे गुणाकार मर्यादित राहतील का, हे दर वेळी ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असं ब्लोंडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी २००० साली सिद्ध केलं.