तुरुंगातून आलेली पत्रे आणि वर्गातले मूल

पंडित नेहरूंचे 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' आपण जगाचा इतिहास म्हणून वाचतो. इस्लामचा उदय, हारून अल-रशीदचे बगदाद यांवरची त्यातली पत्रे मी आठवीच्या वर्गाला उर्दूत समजावून सांगितली आहेत. पण हे कैद्याच्या मुलीच्या शिक्षणाचेही पुस्तक आहे, आणि त्या अंगाने वाचले की ते अपुरे वाटू लागते.

पहिले पत्र ऑक्टोबर १९३० मधले, नैनी तुरुंगातले. शेवटचे ऑगस्ट १९३३ मधले. बरीच पत्रे लगेच पोचलीच नाहीत, साठत गेली. १९३१ च्या पहिल्याच दिवशी आईलाही अटक झाली. त्याच वर्षी इंदिरा पुण्यात वकील दांपत्याच्या 'प्युपिल्स ओन' शाळेत राहायला आली आणि १९३४ साली मॅट्रिक झाली. पत्रांत रोम आहे, चीन आहे, बापाची माया तर ओळीओळीत आहे. मुलीचा वर्ग मात्र जवळजवळ नाहीच. बापाने काय दिले ते कळते. मुलीचे काय राहून गेले ते कळत नाही.

तरी ती भाग्यवान. वडील तुरुंगात आहेत हे ती चारचौघांत मान वर करून सांगू शकत होती.

अब्दुल वाहिद शेख यांचे उर्दूतले 'बेगुनाह कैदी' मी हे मनात ठेवून वाचले. लेखक माझ्यासारखेच शिक्षक. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अटक, २०१५ मध्ये निर्दोष सुटका. पुस्तकाचा सारा जोर कोठडी, छळ आणि लिहून घेतलेले कबुलीजबाब यांवर आहे. साक्ष म्हणून तो असायलाच हवा. त्याच खटल्यातल्या उरलेल्या १२ जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. (हा निकाल दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे.) २००६ मध्ये पहिलीत असलेले मूल तोवर पंचविशीत आले. त्याची शाळा कोणत्या पुस्तकात सापडणार?

देशातल्या कैद्यांपैकी २०२२ अखेर सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच घर फुटते. आपल्या कथाकारांनी आखातातल्या बापाची वाट पाहणारी घरे लिहिली. त्या कथेआड दुसरी एक कथा लपते, हे मला वर्गात उमगले. 'मेरे वालिद' हा निबंध मीच दिला होता. एका मुलीने लिहिले, अब्बा सौदीला आहेत. विमानतळ, खजूर, ईदचा फोन, सगळे बारकाईने. मी दहापैकी आठ गुण दिले, वर्गात वाचूनही दाखवला. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला, तेव्हा तिची आई शाळेत आली आणि दाराशीच उभी राहिली.

तो निबंध खोटा होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समीक्षक म्हणून मी त्याला नेहरूंच्या पत्रांशेजारी ठेवीन. तिथे बाप मुलीसाठी जग रचतो. इथे मुलगी बापासाठी.