मधलं वर्ष कशासाठी? आयर्लंडच्या ‘ट्रान्झिशन इयर’ची आखणी तपासताना



“तू पीएचडी करतेस ना, मग सांग. वर्ष वाया तर जाणार नाही?” डब्लिनहून माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, फोन आला तो या प्रश्नानेच. तिची मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिथल्या शाळेत तिसऱ्या वर्षाला आहे. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, थेट पाचव्या वर्षात जाऊन दोन वर्षांनी ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ ही शेवटची परीक्षा द्यायची. दुसरी, मध्ये एक वर्ष ‘ट्रान्झिशन इयर’ करायचं. त्या वर्षाला सरकारी परीक्षा नसते. ताईने शाळेची माहितीपुस्तिका पाठवली आणि खाली लिहिलं, “वाचून खरं खरं सांग.”

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, शिक्षणशास्त्र काही माझा विषय नाही. पण एखादी आखणी वाचून ‘यातून जे मिळेल म्हणतात ते मिळेल का, आणि मिळालं तर ते कळणार कसं’ असं विचारणं हे कुठल्याही शाखेच्या संशोधकाचं काम आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हा चांगला सरावही आहे, म्हणून ती पुस्तिका आणि तिच्याभोवतीचं संशोधन आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी थोडी पार्श्वभूमी

ट्रान्झिशन इयर सुरू झालं 1974 मध्ये, अवघ्या 3 शाळांत. तेव्हाचे शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांची ही कल्पना. मुलं परीक्षेच्या चाकोरीत इतकी अडकतात की स्वतःकडे आणि समाजाकडे बघायला त्यांना उसंत मिळत नाही, ती उसंत शाळेनेच द्यावी, असा विचार होता. वीस वर्षं हा प्रकार थोड्या शाळांपुरताच राहिला. 1994 पासून तो मुख्य व्यवस्थेत आला आणि वेगाने पसरला. आज बहुतेक शाळा तो देतात. काही शाळांत तो सक्तीचा आहे, पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक.

यात सगळ्यात वेगळी गोष्ट अशी की अभ्यासक्रम वरून येत नाही. सरकार मार्गदर्शक सूचना देतं आणि प्रत्येक शाळा आपलं वर्ष स्वतः आखते. सूचनांमध्ये एक गोष्ट ठणकावून सांगितली आहे: हे वर्ष म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेटचा अभ्यास दोनऐवजी तीन वर्षं करायची सोय नव्हे.

आखणीचे साधारण चार थर असतात. पहिला थर कायमच्या विषयांचा, म्हणजे इंग्रजी, गणित, आयरिश वगैरे. दुसरा विषय चाखून बघण्याचा: थोडे आठवडे भौतिकशास्त्र, थोडे आठवडे अकाउंटिंग. तिसरा फक्त याच वर्षी शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींचा. आणि चौथा कॅलेंडरचा: सहली, नाटक, डोंगरभटकंती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव.

पुस्तिकेत काय आवडलं

दुसरा थर मला मनापासून आवडला. लीव्हिंग सर्टिफिकेटला बहुतेक मुलं सातेक विषय घेतात आणि त्यातल्या सर्वोत्तम 6 विषयांचे गुण कॉलेज प्रवेशासाठी धरले जातात. चुकीचा विषय निवडला तर दोन वर्षं तोच घेऊन बसायचं. अशा वेळी आधी चव घेऊन बघायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे. मी स्वतः अकरावीला सायन्स घेतलं ते दहावीला टक्के बरे पडले म्हणून. रसायनशास्त्र आवडतं हे कळलं एमएससीच्या दुसऱ्या वर्षी, तेही एका प्रयोगात हात भाजल्यावर. तुमच्यापैकी किती जणांची गोष्ट याहून वेगळी आहे?

आणि काय खटकलं

खटकलं ते असं. पुस्तिकेची पंधरा पानं, आणि त्यातली बारा पानं यादी. फोटोग्राफी, कोडिंग, प्रथमोपचार, स्वयंपाक, वादविवाद, दोन आठवडे ऑफिसात काम, एक सहल. प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे. पण कुठली गोष्ट कशासाठी आहे, हे एका ओळीतही लिहिलेलं नाही. मुलाने सप्टेंबरात काय जमत नव्हतं आणि मे महिन्यात काय जमायला लागलं, हे कोण बघणार, कसं बघणार, याचा पत्ता नाही. शेवटच्या पानावर मात्र ठळक अक्षरात एक दावा आहे: हे वर्ष केलेल्या मुलांना शेवटच्या परीक्षेत जास्त गुण मिळतात.

आता गंमत बघा. परीक्षेपासून सुटका म्हणून आखलेलं वर्ष पालकांना विकलं जातंय ते परीक्षेच्या गुणांवर! मार्गदर्शक सूचनांमधली ध्येयं आहेत स्वावलंबन, जबाबदारी, समाजात वावरण्याची तयारी. ती मोजायला अवघड, म्हणून जे सहज मोजता येतं ते पुढे केलं. संशोधनात ही चूक आपण रोज करतो. प्रश्न एक असतो, उपकरण दुसऱ्याच गोष्टीचं हाताशी असतं, आणि हळूहळू प्रश्नच उपकरणाप्रमाणे बदलतो.

त्या दाव्यात किती तथ्य आहे?

दावा हवेतला नाही. आयर्लंडच्या अभ्यासक्रम परिषदेसाठी मिलर आणि केली यांनी केलेला मोठा अभ्यास 1999 मध्ये आला. 1994 साली ज्युनिअर सर्टिफिकेट दिलेल्या मुलांचा पुढचा प्रवास त्यात तपासला आहे. ट्रान्झिशन इयर केलेल्यांना सरासरी 40 गुणांक जास्त मिळाले. तेव्हा कमाल गुणांक 600 होते, म्हणजे फरक लहान नाही.

पण इथे थांबायचं. हे वर्ष निवडतं कोण? स्मिथ, बर्न आणि हॅनन यांचा 2004 चा अभ्यास सांगतो की जिथे ते ऐच्छिक आहे तिथे वर्गात वयाने लहान असलेली आणि पुढे शिकायची आस जास्त असलेली मुलं ते अधिक घेतात. म्हणजे जी मुलं तशीही पुढे गेली असती, तीच इथे जास्त आहेत. याला निवडीचा पक्षपात म्हणतात. मिलर आणि केलींनाही हे ठाऊक होतं. त्यांनी मुलगा-मुलगी, शाळेची पार्श्वभूमी आणि ज्युनिअरचे गुण यांचा हिशेब वजा केला, तेव्हा 40 चा फरक 26 वर आला. पुस्तिकांमध्ये 40 छापायचं की 26, यावरून लिहिणाऱ्याची नियत कळते. ताईच्या पुस्तिकेत नुसतंच ‘जास्त’ आहे, आकडाच नाही.

आणि हे 26 तरी सगळे त्या वर्षाचेच का? ट्रान्झिशन इयर करणारं मूल माध्यमिक शाळेत 6 वर्षं काढतं, न करणारं 5. म्हणजे शेवटच्या परीक्षेला ते साधारण एक वर्षाने मोठं असतं. सतरा आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या समजेत फरक असतोच. मग हा फरक सहलीचा, कामाच्या अनुभवाचा, की नुसत्या वाढलेल्या वयाचा? माझे गाइड असल्या वेळी एकच शब्द उच्चारतात, “कंट्रोल?” इथे खरा कंट्रोल म्हणजे एक वर्ष घरी बसून वाढलेली मुलं. असा गट कोण तयार करणार, आणि का करावा? म्हणून उत्तर अर्धवट राहतं. ते अर्धवट आहे असं म्हणायची लाज वाटू देऊ नका.

सरासरीत कोण हरवतं?

2004 च्या त्याच अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. गरीब वस्तीतल्या ज्या शाळांत हे वर्ष सक्तीचं होतं, तिथल्या मुलांमध्ये गुणांचा तसा फायदा दिसला नाही. उलट जिथे कार्यक्रमात विविधता होती, शिक्षकांना एकमेकांशी ताळमेळ ठेवायला वेळ दिला होता आणि वर्ष कसं चाललंय याची मध्ये मध्ये तपासणी होत होती, तिथे ते चांगलं चाललं.

म्हणजे ‘ट्रान्झिशन इयर उपयोगी आहे का’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. प्रत्येक शाळेचं वर्ष वेगळं. हे म्हणजे ‘औषध उपयोगी आहे का’ असं विचारण्यासारखं झालं. कुठलं औषध, किती, कोणाला?

यादीवजा आखणी धोक्याची वाटते ती इथेच. कामाचा अनुभव घ्या. ‘जागा मुलांनी स्वतः शोधावी’ असं पुस्तिका म्हणते. ऐकायला स्वावलंबन. पण ज्याचे वडील वकील आहेत त्याला वकिलाचं ऑफिस मिळतं, आणि ज्याची आई दुकानात पाळी करते ते मूल त्याच दुकानात खोकी लावतं. सहलीचे पैसे वेगळे. म्हणजे ज्या मुलाला बाहेरचं जग बघायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते सगळ्यात कमी दिसणार, आणि वर त्याचं एक वर्ष खर्ची पडणार. शाळेने जागा मिळवून देण्याची जबाबदारी घेतली नाही तर ‘रुंद’ वर्ष फक्त आधीच रुंद घरात जन्मलेल्यांसाठी उरतं.

हा प्रश्न आयर्लंडपुरता नाही. दक्षिण कोरियाने या वर्षावरून धडा घेऊन परीक्षा नसलेलं एक सत्र 2013 मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलं आणि 2016 पर्यंत सगळ्या मिडल स्कूलमध्ये नेलं. आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीदरम्यान 10 दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. अशा कल्पनांची नक्कल करताना उपक्रमांची यादी सगळ्यात आधी उचलली जाते, आणि शिक्षकांना द्यायचा वेळ व वर्षाची तपासणी मागेच राहते. आयर्लंडमध्ये सप्टेंबर 2025 पासून या वर्षाचं नवीन कार्यक्रमपत्रक लागू झालं आहे. कागद नवा आला म्हणून शाळेची आखणी आपोआप सुधारणार नाही.

मग ताईला काय सांगितलं?

गुणांच्या दाव्यावर जाऊ नकोस, असं पहिलं सांगितलं. मग तिला चार प्रश्न लिहून दिले, शाळेत जाऊन विचारायला:

1. यादीतल्या प्रत्येक गोष्टीतून मुलीला काय जमायला लागावं अशी तुमची अपेक्षा आहे?
2. ते जमलं की नाही, हे वर्षाच्या मध्ये कोण आणि कसं बघतं?
3. कामाची जागा सापडली नाही, तर शाळा काय करते?
4. मागच्या वर्षी ज्या मुलांना हे वर्ष आवडलं नाही, त्यांनी काय सांगितलं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जी शाळा त्याचं उत्तर देऊ शकते, तिने खरंच तपासणी केली आहे.

हेच चार प्रश्न तुम्हालाही विचारून बघा. एमएससी आणि पीएचडी यांच्यामधल्या वर्षात तुमच्यापैकी कितीतरी जण आहेत: नेटची तयारी, एखादा प्रोजेक्ट, एक ऑनलाइन कोर्स, पायथॉन, इंग्रजी. ही पण यादीच. घरचेही तेच विचारतात, वर्ष वाया तर जाणार नाही? यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘यातून मला काय जमायला लागेल आणि ते मला कसं कळेल’ हे एका ओळीत लिहा. जिथे ओळ सुचणार नाही ती गोष्ट खोडा.

ताई शाळेत जाऊन आली. तीन प्रश्नांची उत्तरं बरी मिळाली, चौथ्याला समन्वयक बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, विचारलंच नाही कधी, या वर्षी विचारू. भाची मात्र आपलं ठरवून मोकळी झाली. रात्री तिचा मेसेज आला: “मावशी, मी करतेय. पण ऑफिस नको, मला लॅब बघायचीय. तू कोणाला ओळखतेस का तिकडे?”

तिसरा प्रश्न माझ्याच गळ्यात पडला. दोन ईमेल पाठवलेत, उत्तराची वाट बघतेय.