पानओव्याच्या पाटीवर काय लिहावे?

शाळेच्या आवारात औषधी वनस्पतींचा वाफा असला की त्यात तुळस, अडुळसा, कोरफड आणि पानओवा ही मंडळी ठरलेली असतात. प्रत्येक झाडापुढे एक पत्र्याची पाटी. पानओव्याच्या पाटीवर साधारणपणे असा मजकूर आढळतो : खोकला, सर्दी, ताप, पोटदुखी, जंत, दमा, मूतखडा, रक्तदाब व त्वचारोग यांवर गुणकारी. औषधी वनस्पतींवरच्या छोट्या पुस्तिकांतही थोड्याफार फरकाने हीच यादी असते. पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या चुकीवर आपण शिक्षक मंडळी तावातावाने बोलतो, पण या पाटीचे परीक्षण कोणी करत नाही. मुले ती पाठ करतात आणि घरी जाऊन सांगतात, म्हणून ते करणे आम्हांला गरजेचे वाटते.

आधी झाडाची ओळख. जाड, मांसल, लवदार, कातरलेल्या कडांची पाने, खोड ठिसूळ, पान चुरगळले की ओव्याचा घमघमाट. या वासामुळेच नाव पडले आणि तिथूनच पहिला गैरसमज सुरू झाला. स्वयंपाकघरातला ओवा याच झाडाचा, असे पुष्कळ मुले (आणि काही शिक्षकही) समजतात. तो ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या कुलातला, तर पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुलातला. दोन कुलांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, पण वासाची रसायने मात्र सारखी. ओव्याच्या तेलात थायमॉल मुख्य असते. पानओव्याच्या तेलात बहुधा कार्व्हॅक्रॉल आणि कमीअधिक थायमॉल. दोघांचेही रेणुसूत्र क१०ह१४ऑ असेच. फक्त कड्यावरील हायड्रॉक्सिल गटाची जागा वेगळी. अकरावी-बारावीला समघटकता शिकवताना याहून सुवासिक उदाहरण मिळणार नाही!

आता शास्त्रीय नाव. पोर्तुगीज धर्मोपदेशक व वनस्पतिशास्त्रज्ञ लोरेरो यांनी १७९० साली 'फ्लोरा कोचिनचायनेन्सिस' या ग्रंथात कोलियस ही प्रजाती मांडली, ती याच वनस्पतीवरून : कोलियस अम्बॉइनिकस. पुढे दीर्घकाळ ती प्लेक्ट्रँथस म्हणून ओळखली गेली आणि २०१९ मध्ये पुन्हा कोलियस झाली. पुस्तकांत दोन्ही नावे दिसली तर गोंधळू नये. नाव इंडोनेशियातल्या अंबोन बेटाचे असले, तरी मूळ घर पूर्व व दक्षिण आफ्रिका आणि अरबस्तान मानले जाते. फांदी खोचली की मूळ धरते, त्यामुळे ही वनस्पती माणसाबरोबर जगभर फिरली. तामिळनाडूत ती कर्पूरवल्ली, कर्नाटकात दोड्डपत्रे, केरळात पनिकूर्क. क्यूबा आणि मेक्सिकोच्या नावांवरही तिचा मुक्काम आहे.

यादीतला मूतखडा कोठून आला? आमच्या मते तो झाडातून आलेला नसून नावातून आला आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मूत्रविकारांवर 'पाषाणभेद' सांगितला आहे, म्हणजे दगड फोडणारा. हा पाषाणभेद नेमका कोणता, यावर एकमत नाही. हिमालयातील बर्जेनिया ही वनस्पती आज अधिकृतपणे मानली जाते. पण वेगवेगळ्या प्रांतांत कपूरमाधुरी, पानफुटी आणि आपला पानओवा हेही त्या नावाखाली विकले-वापरले गेले. हिंदीत पानओव्याला पत्थरचूर आणि पानफुटीला पत्थरचट्टा म्हणतात. बोलताना दोहोंची अदलाबदल सहज होते. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी बुफाडाइनोलाइड गटातली द्रव्ये असतात आणि तिच्या प्रजातीतल्या झाडांनी गुरे विषबाधेने दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पाटीवर नुसते 'पत्थरचूर' लिहिणे हा निरुपद्रवी आळस नाही.

रक्तदाबाची गोष्टही अशीच उसनवारीची. माइनमुळा, म्हणजे कोलियस फोर्स्कोली, हा पानओव्याचा भाऊबंद. त्याच्या मुळांतून १९७० च्या दशकात मुंबईच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे केले गेले. (लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्याच सुमारास त्यावर काम झाले.) पेशीतील ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला ते चालना देते, आणि प्रयोगातील प्राण्यांचा रक्तदाब त्याने उतरतो. महाराष्ट्रात झालेले हे अस्सल संशोधन. मुलांना जरूर सांगावे. पण ते माइनमुळ्याच्या मुळाचे आहे. कोलियस हे आडनाव सारखे म्हणून थोरल्याची पदवी धाकट्याच्या नावापुढे लावायची, हा कोणता न्याय?

राहता राहिला खोकला, आणि इथे परंपरेचा आवाज खरोखरच मोठा आहे. पान तव्यावर शेकायचे, रस पिळायचा, मधातून चाटवायचे : कोकणापासून केरळपर्यंत घरोघरी हेच. कार्व्हॅक्रॉल व थायमॉल जिवाणूंच्या पेशीपटलाला भोके पाडतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. पुस्तिका तेवढ्यावर 'विज्ञानाने सिद्ध' असा शिक्का मारून मोकळ्या होतात. काचेच्या बशीत जिवाणूंभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले, याचा अर्थ इतकाच की त्या मात्रेचे तेल त्या जिवाणूला तिथे मारते. साबणाचेही वर्तुळ पडेल. शिवाय ताज्या पानाचा फार मोठा भाग पाणीच असतो. दहा पाने तोलून, सावलीत पूर्ण वाळवून पुन्हा तोलून पाहा; उरलेल्या चिमूटभर वजनातही तेलाचा वाटा थोडाच. आणि साध्या सर्दी-खोकल्याचे कारण बहुतेक वेळा विषाणू असतात, ज्यांच्यासाठी ही बशी मुळी मांडलेलीच नव्हती. घशाला बरे वाटते हा अनुभव खोटा नाही, पण त्याचे श्रेय मध, ऊब, वास आणि आपोआप बरा होणारा आजार यांत कसे वाटायचे, हे बशी सांगू शकत नाही.

मग पुरावा कसा असतो? याच वनस्पतीचे उदाहरण आहे आणि ते पाटीवर कधीच नसते. तैवानमध्ये पानओवा व मंडूकपर्णी यांच्या अर्कांपासून मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठी मलम तयार झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३६ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली होती. सोळा आठवड्यांत मलमाच्या गटातील ६०.७ टक्के, तर शोषक पट्टी वापरणाऱ्या गटातील ३५.१ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या. तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. इथेही दोन वनस्पतींचा ठराविक प्रमाणातला अर्क आहे, त्यामुळे पान ठेचून जखमेवर बांधा असे त्यातून निघत नाही. सुमात्रातील बाताक लोक बाळंतिणीला दूध यावे म्हणून याची भाजी करून देतात. त्यावरही २००६ मध्ये मेथीच्या कॅप्सूलशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात भाजी सरस ठरली. परंपरेला नेमका प्रश्न विचारला की ती कधीकधी असे नेमके उत्तर देते. नऊ रोगांची यादी प्रश्नच विचारू देत नाही.

या यादीत जे नाही, ते आम्हांला अधिक खटकते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. रस-मधाचे चाटण सांगणाऱ्या किती पुस्तिकांत हे वाक्य आहे? दुसरे, खोकणाऱ्या मुलाचा श्वास मोजणे. दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक वेगाने श्वास चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठायचा असतो. त्या वेळी पान शेकत बसण्यात गेलेला दिवस महागात पडतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला घड्याळ धरून श्वास मोजता येतो, आणि धाकटे भावंड बहुधा त्याच्याच कडेवर असते.

आमच्या मते पाटी अशी असावी : पानओवा. कोलियस अम्बॉइनिकस. कुल तुळशीचे. ओव्याचा वास कार्व्हॅक्रॉल व थायमॉलमुळे. मसाल्याचा ओवा वेगळा. घरगुती वापर : साध्या खोकल्यात पानाचा रस, भजी, चटणी. एक वर्षाखालील बाळाला मधातून देऊ नये. श्वास जलद असेल तर डॉक्टरकडे. पानफुटी शेजारच्या वाफ्यात आहे, दोन्ही पाने चुरगळून वासाने ओळखा.

पाटी थोडी मोठी लागेल. पत्रा फार महाग नाही.